सोडला कुणी, लपवलं कुणी

गुरांमध्ये लम्पी रोग येऊन गेल्यापासून आमच्या कोल्हापूरच्या मित्रांच्या ग्रुपवर एक वाद अधूनमधून उसळतो. करवीर तालुक्यात गोठा असलेल्या एका दोस्ताची दुभती एचएफ गाय त्यात दगावली. त्याचं म्हणणं ठाम: "ह्यो रोग आपोआप आलेला न्हाई भावा, सोडलाय कुणीतरी." मग कुणी चीनचं नाव घेतं, कुणी लस कंपन्यांचं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाच्या पेल्यासोबत हीच चर्चा चालते, असं धाकटा भाऊ सांगतो.

लम्पी १९२९ साली झांबियात पहिल्यांदा नोंदला गेला आणि माश्या, डास, गोचिडांच्या जिवावर सरकत सरकत २०१९ मध्ये भारतात पोचला. त्याला शत्रूची गरज नव्हती. पण दोस्ताला वेड्यात काढावं असंही मला वाटत नाही, कारण रोगाचं हत्यार करणारी माणसं होऊन गेली आहेत. जपानी लष्कराच्या ७३१ तुकडीने चीनमध्ये प्लेगच्या पिसवा सोडल्या. आपल्याकडे १९३३ मध्ये पाकूडच्या (आजच्या झारखंडातल्या) जमीनदारीपायी एकाने सावत्र भावाला हावडा स्टेशनच्या गर्दीत प्लेगचे जंतू टोचवून मारलं. त्या जंतूंसाठी त्याच्या कटातला डॉक्टर मुंबईपर्यंत येऊन गेला होता.

मी राहतो त्या नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० या काळात शेळ्यांच्या फार्ममधून क्यू फीवर, म्हणजे जनावरांकडून माणसांना होणारा एक ताप, पसरला. चार हजारांवर माणसं आजारी पडली, ५० हजारांहून जास्त गाभण शेळ्या मारल्या गेल्या. या तापाचा जंतू अमेरिकेने एके काळी हत्यार म्हणून तयार केला होता, म्हणजे संशयाला इथे भरपूर जागा होती. तरी लोक भांडले ते आपल्याच सरकारशी: कुठल्या फार्मवर रोग आहे हे शेजाऱ्यांना वेळेवर का सांगितलं नाही? प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. (डच माणूस जात्याच शहाणा असतो असं कुणी समजू नये. कोविडात ५जीमुळे रोग पसरतो या अफवेपायी इथेही मोबाइलचे टॉवर पेटवले गेले.)

सोडला कुणी, यापेक्षा लपवलं कुणी, हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. १९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने युद्धात जंतू वापरायला बंदी घातली. १९७२ च्या जैविक अस्त्रबंदी कराराने ते बनवणं आणि साठवणंही बंद केलं. १९७५ पासून तो लागू आहे, भारतही त्यात आहे. सोव्हिएत संघ तर त्या कराराची मूळ प्रत सांभाळणाऱ्या तीन राखणदारांपैकी एक. त्याच सोव्हिएत संघात १९७९ मध्ये स्वेर्दलोव्स्क शहरातल्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे जंतू गळले आणि निदान ६६ माणसं गेली. सरकारने खापर फोडलं खराब मटणावर. खरं काय ते रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी १९९२ मध्ये कबूल केलं.

हे इतकी वर्षं खपलं, कारण या कराराला तपासनीसच नाहीत. रासायनिक अस्त्रबंदीची संघटना द हेगमध्ये आहे. तिच्याकडे पाचशेच्या आसपास माणसं आहेत, निरीक्षक कारखान्यांत जाऊन पाहणी करतात. जैविक कराराचं काम बघायला जिनिव्हात जेमतेम चार टेबलांचं ऑफिस. देशांनी दरवर्षी स्वतःच माहिती भरून द्यायची, आणि ती कितीतरी देश भरतच नाहीत.

तपासणी अवघड आहे, हे मान्य. रासायनिक अस्त्रांना टनावारी साठा लागतो, जंतूंचं विरजणासारखं आहे: चमचाभर असलं की हवं तेव्हा पातेलंभर करता येतं. शिवाय लस बनवायची टाकी आणि हत्यार बनवायची टाकी एकच असू शकते. तरीही तपासणीचा मसुदा सहा वर्षं खपून तयार होत आला होता. २००१ मध्ये अमेरिकेने तो झिडकारला. कारणांत एक होतं कंपन्यांची व्यापारी गुपितं.

भारत म्हणतो, तपासणीची सक्ती हवीच. भूमिका बरोबर आहे. पण उद्या परदेशी निरीक्षक पुण्या-हैदराबादच्या लस कारखान्यांच्या दारात उभे राहिले, तर "आमची गुपितं चोरायला आले" म्हणून पहिली बोंब आपल्याच ग्रुपवर उठेल, अगदी अमेरिकेच्याच शब्दांत. माझ्या मते तेव्हा दार उघडायला हवं, आणि तसं आपल्या खासदारांनी आजच लोकसभेत म्हणायला हवं. दोस्ताला मी हे लिहिलं. त्याचं उत्तर लगेच आलं: "आधी चीनला उघडू दे की."