एका बोटावर उभा राहिलेला पूल?

‘1883 साली जॉन रोब्लिंग नावाच्या एका कल्पक इंजिनिअरला...’ अशी सुरुवात असलेला मेसेज तुमच्या फोनवर एकदा तरी येऊन गेला असेल. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो हमखास दहावी-बारावीच्या निकालाच्या आसपास उगवतो. गोष्ट अशी: न्यूयॉर्कला ब्रुकलिनशी जोडणाऱ्या पुलाची कल्पना सगळ्या तज्ज्ञांनी वेड्यात काढली. बापलेकांनी तरीही काम सुरू केलं. काही महिन्यांतच साइटवर अपघात झाला, बाप गेला आणि मुलाच्या मेंदूला मार लागला. चालणं गेलं, बोलणं गेलं, हलत होतं ते फक्त एक बोट. त्या बोटाने बायकोच्या दंडावर टकटक करत त्याने 13 वर्षं सूचना दिल्या आणि ब्रुकलिन ब्रिज पूर्ण झाला. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

पूल खरा, बापलेक खरे, बायकोही खरी. बाकीचं एकेक बघू.

‘1883 साली.’ 24 मे 1883 ला तर पुलाचं उद्घाटन झालं. जॉन रोब्लिंगला जाऊन तेव्हा 14 वर्षं होत आली होती.

‘तज्ज्ञांनी वेड्यात काढलं.’ हे वाचून मला हसूच येतं. जर्मनीतल्या म्युलहाउझेन गावात 1806 मध्ये जन्मलेला हा माणूस 1831 मध्ये भाऊ कार्ल आणि काही गाववाल्यांना घेऊन अमेरिकेत आला. पेनसिल्व्हेनियात त्यांनी सॅक्सनबर्ग नावाची वसाहत वसवली. इंजिनिअर माणूस, पण आधी नांगर धरला. शेती काही जमली नाही. 1837 मध्ये कार्ल ऐन सुगीत उन्हाच्या तडाख्याने गेला. त्याच वर्षी जॉनचा मुलगा वॉशिंग्टन जन्मला. त्या भागात कालव्यांतल्या बोटी डोंगरावरून ओढून नेत, आणि त्यासाठीचे तागाचे जाडजूड दोर तुटायचे. जॉनने 1841 मध्ये त्याऐवजी लोखंडी तारेचा दोर वळून दिला. इथून घराण्याचं नशीब फिरलं. 1855 मध्ये त्याच्या नायगाऱ्याच्या झुलत्या पुलावरून आगगाडी गेली. सिनसिनाटीचा 1,057 फुटी गाळ्याचा (दोन खांबांमधल्या अंतराचा) पूल झाला तेव्हा जगात त्याहून लांब गाळा नव्हता. असा माणूस 1867 मध्ये ब्रुकलिनचा मुख्य अभियंता झाला. शंका काढणारे होते, का नसतील? म्हणून तर 1869 मध्ये सात नामांकित इंजिनिअरांच्या मंडळाने आराखडा तपासला आणि मान्य केला. पुढे काम सुरू झालं ते तज्ज्ञांच्या होकारावर.

‘साइटवरच्या अपघातात बाप गेला, मुलगा जायबंदी झाला.’ हे दोन वेगळे प्रसंग आहेत आणि दोन्ही मेसेजमधल्यासारखे नाहीत. जून 1869 मध्ये जॉन फेरीच्या धक्क्यावर उभा राहून पाहणी करत होता. फेरीबोट धक्क्याला लागली आणि त्याचं पाऊल चेंगरलं. पायाची बोटं कापावी लागली. पुढची गोष्ट प्रेरणादायी नाही, म्हणून ती कुणी फॉरवर्ड करत नाही: या हुशार माणसाचा जलोपचारावर अंधविश्वास होता. डॉक्टरांचं न ऐकता त्याने जखमेवर पाण्याची धार धरायला लावली. धनुर्वात झाला आणि 22 जुलैला तो गेला. बांधकाम सुरू झालं जानेवारी 1870 मध्ये. म्हणजे बाप गेला तेव्हा साइटच नव्हती.

मुलाच्या मेंदूवर काही पडलं नाही. त्याला झाला केसन रोग. नदीच्या तळाशी पाया खणायला लाकडाची अवाढव्य, तळ उघडा असलेली पेटी, म्हणजेच केसन, बुडवत. पाणी आत येऊ नये म्हणून त्यात दाबाखाली हवा भरत, आणि मजूर त्या दमट, कोंदट खोलीत चिखल उपसत. दाबामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. माणूस घाईने वर आला की सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होतात. सांधे पिळवटतात, पाय लुळे पडतात, कधी जीव जातो. न्यूयॉर्कच्या बाजूची पेटी 78 फुटांवर गेली तेव्हा कामावरच्या डॉक्टरांनी 110 रुग्ण नोंदवले. 1872 च्या एप्रिल-मे महिन्यांत तिघे दगावले. वॉशिंग्टन स्वतः वारंवार खाली उतरायचा. डिसेंबर 1870 मध्ये ब्रुकलिनच्या पेटीत आग लागली, तेव्हा रात्रभर खाली राहून तो कोसळला. 1872 मध्ये पुन्हा कोसळला आणि त्यातून पुरता कधी सावरला नाही. मेसेजमध्ये एकटाच नायक आजारी पडतो. दिवसाला दोन-सव्वादोन डॉलरवर तोच आजार घेणाऱ्या मजुरांचा त्यात पत्ता नाही.

आता ते बोट. वॉशिंग्टनला असह्य वेदना होत, डोळे अधू झाले होते, माणसांची बडबड सोसवत नसे. पण 1872-73 च्या हिवाळ्यात, आपण पूल पुरा व्हायच्या आत मरू या भीतीने, त्याने उरलेल्या कामाच्या पानंच्या पानं सूचना आणि आकृत्या स्वतः काढल्या. पुढे उपचारासाठी जर्मनीत विसबाडेनला जाऊन आला. ब्रुकलिनच्या घराच्या खिडकीतून दुर्बिणीने काम बघायचा. साइटवर मात्र फिरकत नसे, आणि दंतकथेचं बी बहुधा इथेच पडलं. 1878 मध्ये तारेच्या ठेकेदाराने नापास गुंडाळ्या परत साइटवर घुसवल्याचं उघड झालं. वाईट तार दोरात गुंफली गेली होती, काढता येईना. वॉशिंग्टनने हिशेब केला: मजबुती गरजेच्या सहापट धरली होती, ती निदान पाचपट उरते. वर प्रत्येक दोरात सुमारे 150 तारा वाढवायला लावल्या. हा हिशेब दंडावर टिचक्या मारून सांगून बघा.

सगळ्यात जास्त राग मला त्या दंडाचा येतो. एमिली वॉरन रोब्लिंगला मेसेजने तारायंत्राची पाटी करून टाकलं. ती उच्च गणित शिकली, साहित्याची ताकद कशी मोजतात ते शिकली. पत्रव्यवहार सांभाळायची, साइटवर जायची, सहायक इंजिनिअर, ठेकेदार आणि विश्वस्त यांच्याशी तीच बोलायची. 1882 मध्ये ब्रुकलिनच्या महापौरांनी नवऱ्याला हटवायचा घाट घातला; विश्वस्तांच्या मतदानात तो 10 विरुद्ध 7 असा टिकला. उद्घाटनाच्या भाषणात तिचं नाव आदराने घेतलं गेलं. पुढे 1899 मध्ये तिने कायद्याचा अभ्यासक्रमही पुरा केला.

मेसेज पुलाबरोबर संपतो, कारण पुढे गेला तर बोटाची गोष्ट टिकत नाही. एमिली 1903 मध्ये कर्करोगाने गेली. वॉशिंग्टनचा पुतण्या 1912 मध्ये टायटॅनिकबरोबर बुडाला. धाकटे भाऊ फर्डिनांड आणि चार्ल्स 1917 आणि 1918 मध्ये गेले. 1921 मध्ये घराण्याची तारेची कंपनी चालवणारा दुसरा पुतण्याही वारला, तेव्हा तारेच्या कारखान्याची सूत्रं घ्यायला घरातलं जाणतं माणूस उरलं एकच. 84 वर्षांचा वॉशिंग्टन अध्यक्ष झाला आणि ट्राममध्ये बसून ऑफिसला जाऊ लागला.