स्टँडर्ड आहे, साहेब

जुना इंजिन ब्लॉक घेताना ‘स्टँडर्ड आहे, साहेब’ (म्हणजे अजून कारखान्याच्या मूळ मापाचाच) हे वाक्य त्यासोबत फुकट मिळतं. ब्लॉकला बाहेरून ताजा रंग मारलेला असतो, बोअरमध्ये (पिस्टन चालतो त्या गोल भोकात) ऑइलचा हात फिरवलेला असतो आणि ‘कधी उघडलेलाच नाही’ अशी वर हमी असते. न उघडलेल्या ब्लॉकच्या मेन कॅपांवर (क्रँकशाफ्ट धरून ठेवणाऱ्या टोप्यांवर) मेकॅनिक खुणेला ठोकतो ते सेंटर पंचचे ठिपके कुठून आले, हे विचारायचं नसतं. विचारलं तर ‘कंपनीचेच आहेत’ असं उत्तर येतं.

माझं म्हणणं साधं आहे. ब्लॉक किती झिजलाय हा नंतरचा प्रश्न. आधी तो कोणी किती कापलाय ते बघा. झीज पुढच्या ओव्हरसाइजमध्ये (बोअर कापून मोठा करायचा आणि मोठे पिस्टन घालायचे) निघून जाते, कापून टाकलेलं लोखंड मात्र कोणी परत आणून देत नाही.

सगळ्यांना पहिला मोह होतो व्हर्नियरचा. तो खिशात असतो, म्हणून तो बोअरच्या तोंडाशी लावला जातो. पण तोंडाशी चॅम्फर, म्हणजे तिरपी कापलेली कड असते, कार्बन असतो आणि व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांना थोडी सपाट धार असते, त्यामुळे गोल बोअर तो हमखास लहान दाखवतो. व्हर्नियरने बोअर मोजून ‘स्टँडर्डच आहे की’ म्हणणारा माणूस विकणाऱ्याला फार आवडतो.

लागतं ते डायल बोअर गेज (भोकाच्या व्यासातला फरक सुईने दाखवणारं) आणि बाहेरचा मायक्रोमीटर. आधी मायक्रोमीटर त्याच्या सेटिंग रॉडवर तपासायचा, मग त्यात बोअर गेज धरून शून्य लावायचं. गेज बोअरमध्ये घालून मागेपुढे डोलवलं की सुई एका जागी जाऊन परत फिरते; ती परत फिरण्याची जागा म्हणजे खरा व्यास. इथे एक खास छळ आहे. बहुतेक गेजांत सुई घड्याळाच्या दिशेने शून्याच्या पुढे गेली, तर बोअर मोठा नसून लहान असतो. मदतनीस मोठ्या आवाजात आकडे सांगतो, आपण मन लावून लिहितो, आणि कागदावर असा ब्लॉक तयार होतो जो वापराने आकसत चाललाय.

दुसरा छळ तापमानाचा. १०० मिमी बोअरचा बिडाचा ब्लॉक प्रत्येक अंशाला साधारण १ मायक्रॉन फुगतो. गरम पाण्याच्या टाकीतून नुकताच निघालेला, ३० अंशांनी जास्त तापलेला ब्लॉक ०.०३ मिमी मोठा निघतो आणि उगाच वाद पेटतो. ब्लॉक, गेज आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवावेत. मायक्रोमीटर मुठीत गरम करत गप्पा मारू नयेत.

आता खरी मेख. पिस्टन कितीही वर-खाली गेला तरी वरची रिंग बोअरच्या अगदी टोकापर्यंत जात नाही, खालचीही तळापर्यंत जात नाही. वरचा तो अरुंद पट्टा (कार्बन खरवडून, लोखंड न खरवडता) आणि तळाचा भाग, इथे शेवटच्या मशिनिंगचा आकडा बऱ्यापैकी जसाच्या तसा राहतो. म्हणून प्रत्येक सिलिंडर तीन उंचींवर, क्रँकच्या लांबीच्या दिशेने आणि तिला आडवा, असा सहा वेळा मोजायचा. चार सिलिंडर म्हणजे २४ आकडे. चोविसाव्याला मदतनीस चहाला गेलेला असतो.

समजा स्टँडर्ड १००.०० मिमी आहे. तळाशी दोन्ही दिशांनी १००.५१ आला, वरच्या रिंगच्या जागी लांबीत १००.५६ आणि आडवा १००.६२. झीज कधीच इतकी शिस्तीत, तळापर्यंत गोल होत नाही. हा ब्लॉक ०.५० ला, म्हणजे ०.५० मिमी मोठ्या मापाला बोअर झालेला आहे आणि त्यावर झिजलाय. उलट तळाशी १००.०२ आला तर लगेच बोंब मारू नका. अनेक कारखाने स्टँडर्डमध्येच शंभराव्या भागाच्या फरकाने ग्रेड ठेवतात आणि तसं अक्षर किंवा आकडा ब्लॉकवर ठोकतात.

वरचा हिशोब लोक इथे चुकवतात: ‘१००.६२ आहे ना, मग ०.७५ मध्ये आरामात साफ होईल.’ आराम कुठला? आडव्या दिशेची ०.११ झीज जवळपास सगळी थ्रस्टच्या (पिस्टन भिंतीवर दाबला जातो त्या) एकाच बाजूला असेल, तर केंद्र न हलवता ती पुसायला व्यासातून दुप्पट, म्हणजे ०.२२ काढावे लागतात. १००.५१ अधिक ०.२२, झाले १००.७३. त्यात बोअरिंगनंतर होनिंगसाठी, म्हणजे दगडांनी घासून शेवटचं माप आणायला, ०.०५ तरी ठेवायचे असतात. मग ०.७५ चे पिस्टन आणून १.०० ची तयारी करावी लागते.

एकच सिलिंडर स्टँडर्ड आणि बाकीचे ०.५० असतील तर खूश होऊ नका. त्यात लायनर, म्हणजे भिंतीच्या जागी नवी नळी, ठोकलेला असू शकतो. वरचा फेस (हेड बसतं तो सपाट पृष्ठभाग) साफ करून तिरप्या उजेडात बघितलं की बोअरभोवती केसाएवढी बारीक गोल रेघ दिसते, तळाकडूनही पाहावं. पिस्टन सोबत आले असतील तर डोक्यावरचा शिक्का वाचा, पण त्यावर विसंबू नका. ०.५० च्या बोअरमध्ये ‘एसटीडी’ लिहिलेले पिस्टन खडखडत चाललेले असतात, आणि मालकाला तो आवाज टॅपेटचा वाटत असतो.

बोअरकडे सगळे बघतात, फेसकडे कोणी नाही. वरच्या फेसवर ठोकलेले आकडे अर्धवट पुसलेत, हेड बोल्टच्या भोकांचा चॅम्फर नाहीसा होऊन आटे थेट पृष्ठभागापासून सुरू होतात, तर फेसिंग झालेलं आहे, म्हणजे फेस कापलेला आहे. किती, ते मोजूनच कळतं. मेन कॅप बसवून बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळायचे (न आवळता घेतलेला आकडा कचऱ्यात), मेन टनेलचा (क्रँक बसते त्या आरपार भोकाचा) व्यास घ्यायचा, मग ब्लॉकच्या दोन्ही टोकांना फेसपासून टनेलच्या जवळच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून त्यात अर्धा व्यास मिळवायचा. कारखान्याची उंची (टनेलच्या मध्यापासून फेसपर्यंत) २२०.०० आणि टनेल ६०.०० असेल तर कडेपर्यंतचं अंतर १९०.०० यायला हवं. पुढे १८९.८० आणि मागे १८९.९५ आलं, तर फेस कापला आणि तोही तिरका. डिझेलमध्ये याचा अर्थ पिस्टन फेसच्या जास्त वर येणार आणि हेड गॅस्केटची जाडी नव्याने ठरवावी लागणार. पट्टा किंवा चेन वर हेडमधल्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमला जात असेल, तर कॅमचं टायमिंगही थोडं मागे पडणार.

यातही एक लबाड शक्यता आहे. लाइन होनिंगच्या (सगळा टनेल एका रेषेत होन करण्याच्या) आधी कॅप घासतात, त्यामुळे टनेलचा व्यास पुन्हा अगदी स्टँडर्ड येतो, फक्त क्रँकचं केंद्र किंचित वर सरकतं. फेस कधीच कापलेला नसला तरी उंची कमी भरते. अशा वेळी कॅपच्या बसण्याच्या पृष्ठभागांवर ग्राइंडिंगच्या ताज्या रेघा शोधा.

भिंतीची जाडी राहिली. ती अल्ट्रासॉनिक मीटरने, जेल लावून, प्रत्येक सिलिंडरला चारही बाजूंनी आणि निदान तीन उंचींवर घ्यावी. मीटर आधी माहीत असलेल्या जाडीच्या बिडाच्या तुकड्यावर लावून घ्यावा. ओतकामात कोअर (आतली पोकळी घडवणारा साच्याचा भाग) सरकलेला असला तर एक बाजू जाड आणि समोरची पातळ निघते, आणि पातळ बाजू थ्रस्टला आली तर १.०० चा विचार सोडून लायनरचा करावा. तरीही १.०० च ठरलं, तर पिस्टन हातात येऊन ते मायक्रोमीटरने मोजले जाईपर्यंत ब्लॉक बोअरिंगला चढवू नये. ‘पिस्टन उद्या येतायत, तुम्ही कापायला घ्या’ असं सांगणारे आणि ‘या साइजचे पिस्टन आता येत नाहीत’ असं सांगणारे बहुधा एकाच काउंटरमागे बसलेले असतात.