काका, तुम्ही चहा घेऊन या

आमच्या शेरूचं वजन सहा किलो. नाव ठेवताना घरातल्या कोणीच त्या शिह त्झू जातीच्या चिमुकल्या कुत्र्याकडे नीट पाहिलं नसावं. तर या शेरूच्या केशकर्तनासाठी अकराची वेळ घेतली होती. आम्ही पावणेअकरालाच कोथरूडला हजर, तेही सोसायटीला चकरा मारून, त्याचे सगळे विधी उरकून. हे विधी टेबलावर उरकले गेले, की ग्रूमरताईंना, म्हणजे कुत्र्यांचे केस कापणाऱ्या ताईंना, कात्री ठेवून फिनेल घ्यावं लागतं.

पण दहाची वेळ घेतलेली मंडळी उगवली होती साडेदहाला. ‘कर्वे रोडला काय ट्रॅफिक हो!’ पुण्यात या सबबीला पुरावा लागत नाही. मंडळी म्हणजे आजी, आई, बाबा, कॉलेजातला मुलगा आणि कुत्रा. एका कुत्र्यामागे एवढं खटलं, जणू जावळच काढायचं होतं.

आईंनी मोबाइलमधला फोटो पुढे केला, टेडी बेअरसारख्या गोल, गुबगुबीत केसांच्या कुत्र्याचा. ‘अगदी अस्सा टेडी कट हवा.’ ताईंनी कानामागे कंगवा घातला. तो तिथेच राहिला.

‘घरी विंचरता का?’

‘अहो, दर रविवारी शाम्पूनं अंघोळ असते त्याची!’

ताईंनी डोळे मिटले. न विंचरता अंघोळ घातली की गुंता आणखी आवळतो, आणि वाळला की त्याचा नमदा, म्हणजे लोकरीसारखा घट्ट थर, होतो. नमद्यातून टेडी निघत नाही. मशीनच फिरवावं लागतं. हे ऐकून आजींनी पदर डोळ्यांना लावला.

‘चावतो का?’

‘छे, गरीब आहे बिचारा.’

ताईंनी मुसकं काढून जवळ ठेवलं. चावरा कुत्रा त्यांना चालतो, चावरेपण लपवणारे मालक चालत नाहीत. रेबीजच्या लशीचं कार्ड विचारलं, तर ते घरी कपाटात अगदी सुरक्षित होतं.

इथवर मी सोसलं. खरा गुन्हा घडतो तो काचेपाशी. चौघांनी काचेला नाकं लावली. आत नखं कापणं चाललेलं. पांढऱ्या नखातली रक्तवाहिनी निदान गुलाबी दिसते, काळ्या नखात काहीच कळत नाही. म्हणून ताई कणाकणानं कापत होत्या. नेमक्या त्या क्षणी आजी गहिवरल्या, ‘अरे माझ्या सोन्या!’ सोन्या हातभर उसळला. ताईंनी हात वेळेत मागे घेतला म्हणून बरं. मग बाहेर येऊन अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, ‘काका, तुम्ही सगळ्यांना घेऊन समोर चहा घेऊन या.’ पुण्यात याहून कडक शब्द वापरत नाहीत.

दरम्यान एक गृहस्थ हस्की जातीचा दाट केसांचा कुत्रा घेऊन आले. ‘उन्हाळा आहे, पूर्ण भादरा.’ दुहेरी केसांचा तो थर ऊनही अडवतो, भादरला तर कातडी भाजेल, असं सांगून ताईंनी फक्त विंचरून आतले गळके केस काढायचं कबूल केलं. गृहस्थांचा चेहरा फसवणूक झाल्यासारखा.

चहा दहा मिनिटांत संपला. ‘झालं का?’ मग दर दहा मिनिटांनी ‘झालं का?’ शेवटी सोन्या बाहेर आला, निम्म्या आकाराचा आणि कमालीचा खूश. बाबांनी बिल पाहिलं.

‘टेडी कट तर केलाच नाही, मग पैसे जास्त कसे?’

‘हे कापण्याचे नाहीत काका, न विंचरल्याचे आहेत,’ ताई म्हणाल्या. ‘आणि पुढच्या वेळी त्याला एकट्यालाच पाठवा.’