नॅनो महासत्ता व्हायचंय? आधी बॅनर मोठा लावा

देशाला नॅनो टेक्नॉलॉजीत, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या तंत्रात, जगात एक नंबर करायचं तुमच्या मनात असेल तर हे काम बारीक आहे ही समजूत आधी डोक्यातून काढा. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, आपला एक केस 80 हजार ते 1 लाख नॅनोमीटर जाड, आता एवढ्याशा वस्तूपुढे नारळ कुठे फोडणार आणि फीत कुठे बांधणार? म्हणून बॅनर मोठा हवा.

आमच्याकडे एका कॉलेजात झालं ना नॅनोवर सेमिनार. गेटवर वीस बाय दहाचा फ्लेक्स, त्यावर नऊ जणांचे फोटो, आणि नॅनो हा शब्द खाली कोपऱ्यात मंडप डेकोरेटरच्या मोबाईल नंबराच्या शेजारी. प्रमुख पाहुणे पाऊण तास बोलले, त्यातला अर्धा तास 2008 साली पहिल्यांदा दाखवलेल्या लाखाच्या नॅनो गाडीवर. मग जुलैच्या पावसात लाईट जाते तशी लाईट गेली. एवढं बारीक बघायला लागणाऱ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला व्होल्टेज जराही हललेलं चालत नाही, शेजारून ट्रक गेला तरी चित्र थरथरतं, असं एक सर सांगत होते बिचारे, पण तोवर लोक वडापावच्या लाईनीत.

दुसरं म्हणजे घोषणा करताना शून्यांना कंजूषी करू नका. 2001 साली सरकारने नॅनोसाठी पहिली योजना काढली तेव्हा 60 कोटी होते, 2007 ला नॅनो मिशन आलं ते पाच वर्षांसाठी 1000 कोटींचं, 2014 ला दुसरा टप्पा 650 कोटींचा. यातून खरंच कामं झाली, मोहालीला स्वतंत्र संस्था उभी राहिली, आयआयटी मद्रासच्या प्रदीप सरांनी पाण्यातलं कीटकनाशक आणि आर्सेनिक काढणारे फिल्टर केले. पण ही उदाहरणं भाषणात चुकूनही देऊ नका. लोकांना चटक लागते, मग ते विचारतात की सगळ्या प्रकारच्या संशोधनावर मिळून देश जीडीपीच्या किती टक्के खर्च करतो, आणि मग तुम्हाला 0.64 हा आकडा खोकल्यात लपवून सांगावा लागतो. तोही आकडा नॅनोच म्हणा.

खरेदीचे नियम तर अजिबात सैल करू नका. मँचेस्टरला 2004 मध्ये दोघा शास्त्रज्ञांनी ग्राफाईटवर चिकटपट्टी लावून उचकटली, परत लावली, परत उचकटली, असं करत करत एका अणूच्या जाडीचा थर काढला, तेच ग्राफीन, 2010 ला नोबेल. आपल्याकडे हे होऊ शकलं नसतं याची खात्री बाळगा कारण चिकटपट्टीला तीन कोटेशन लागली असती, सगळ्यात स्वस्तवाली आली असती आणि ती चिकटली नसती. माझा पुतण्या एका संस्थेत पीएचडी करतोय, त्याला विचारलं बाबा तुझ्या नॅनोकणांचं काय, तर म्हणाला, "काका, कण तयार आहेत, चार महिने फेलोशिप आली नाहीये." 2023 पासून महिना 37 हजार झालीय ती, पण कागदावर. आम्ही त्याला आंब्याची पेटी पाठवली, दुसरं काय करणार.

संशोधन परवडत नसेल तर अफवा वापरा, ती स्वस्त पडते. 2016 ची ती 2000 ची नोट आठवते? तिच्यात नॅनो चिप आहे, जमिनीखाली 120 मीटरवर पुरली तरी सॅटेलाईटला दिसते, असं टीव्हीवर रंगवून सांगत होते. आमच्या वाडीतल्या एकाने ती उन्हात धरून धरून चिप शोधली होती, मी होतो तिथे, मीही शोधली. नोट 2023 ला परत घेतली, चिप अजून कुणाला सापडली नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, परसात बघू नका. मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या अळवाचं पान घ्या, त्यावर तांब्याने पाणी ओता, पाऱ्यासारखे गोळे होऊन पळतं की नाही? पानावर मेणाचे नॅनो मापाचे बारीक कण आणि सूक्ष्म उंचवटे असतात, मध्ये हवा अडकते, थेंबाला टेकायला जागाच मिळत नाही. आपण त्यावरून अळवावरचं पाणी असा वाक्प्रचार काढला आणि झोपलो. आई अळूवडीचं पीठ पानाच्या उलट्या बाजूलाच लावते, म्हणते सुलट्या बाजूला धरत नाही, तिला या मिशनच्या कमिटीवर घ्यायला हरकत नव्हती.

भाताचं पानही पाणी असंच झटकतं. आता गंमत बघा, गेल्या पावसात युरियाचं पोतं आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "बाटली घेतलंस तर पोता गावतला." बाटली म्हणजे नॅनो युरिया, अर्धा लिटर, 45 किलोच्या पोत्याचं काम करते म्हणतात. पोत्याचं काम करते तर पोत्याबरोबर कशाला, हे विचारायचं नाही, मागे लाईन असते. ती फवारायची पानावर, आणि फवारल्यावर लगेच पाऊस पडला तर परत फवारायची. जुलैत. कोकणात. मी आकाशाकडे बघितलं, दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, आणि मी 225 रुपये दिले.

अशा तीन बाटल्या पडवीत खिडकीवर उभ्या आहेत. एक रिकामी केली, त्यात ग्रास कटरचं ऑईल मस्त राहतं, झाकण एकदम टाईट आहे.