चित्र एम्बेड केलं की दिसतंच? कोण म्हणतं!

दिवाळीच्या ऑफरचे मेल सुटायची वेळ झाली की मुंबईतल्या छोट्या व्यावसायिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला फिरू लागतो: ‘मेलमध्ये फोटोची लिंक देऊ नका. फोटो बेस६४ करून मेलमध्येच एम्बेड करा. सगळीकडे दिसतो, ब्लॉक होत नाही, मेल स्पॅममध्ये जात नाही.’ दादरच्या साडीच्या दुकानापासून पार्ल्याच्या फराळवाल्यांपर्यंत सगळे तो पुढे ढकलतात.

बेस६४ करणं म्हणजे फोटोचं अक्षरं-आकड्यांत रूपांतर करून ते थेट मेलच्या कोडमध्ये घालणं. पण सगळीकडे दिसतो? जीमेल असा बेस६४ फोटो दाखवतच नाही. विंडोजवरचं जुनं आउटलुक २००७ पासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं, तिथेही तीच गत. अ‍ॅपल मेलमध्ये मात्र दिसतो, आणि गोम इथेच आहे. डिझायनर मॅकवर तपासून खूश, ग्राहकासमोर रिकामा चौकोन. वर बेस६४मुळे फाइल एक तृतीयांशाने फुगते, आणि मेलचा एचटीएमएल कोड १०२ केबीपलीकडे गेला की जीमेल मेल मध्येच कापतो. तळाची अनसबस्क्राइबची लिंकही त्यात जाते.

लिंक दिली की फोटो ब्लॉक होतो, हे आउटलुकबाबत बऱ्याच अंशी खरं आहे. वाचणाऱ्याने परवानगी दिल्याशिवाय ते बाहेरचे फोटो सहसा उघडत नाही. जीमेल मात्र डिसेंबर २०१३ पासून असे फोटो स्वतःच्या प्रॉक्सी (मध्यस्थ) सर्व्हरमार्फत आपोआप दाखवत आला आहे. तिथे फोटो आला नाही तर आधी आपली लिंक तपासा. गूगल ड्राइव्हची शेअर लिंक दिलीय का? ती फोटो देत नाही, फोटोचं पान उघडते. पत्ता ऑफिसच्या आतल्या नेटवर्कचा आहे का? गूगलचा सर्व्हर तिथे पोचणार कसा? सोपी परीक्षा अशी: मोबाइलचं वायफाय बंद करून इनकॉग्निटो विंडोत लिंक उघडा. लॉगिन न मागता नुसता फोटो आला पाहिजे. आला आणि तरी जुन्या आउटलुकमध्ये दिसत नसेल, तर फाइल वेबपी या नव्या फोटो-प्रकारातली आहे का बघा. जेपीजी किंवा पीएनजी करून पाठवा.

आणि ब्लॉक झाला तरी मेल वाचता आला पाहिजे. आपल्याकडे देवनागरी तुटेल या जुन्या धास्तीपायी किंमत, तारीख, पत्ता सगळं फोटोतच कोंबतात. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींसाठीची एकच सांकेतिक पद्धत, आल्यावर ती भीती कशाला? मजकूर मजकूर म्हणून लिहा, फोटोला ऑल्ट टेक्स्ट (फोटो न दिसल्यास त्याजागी दिसणारे शब्द) द्या.

स्पॅमचं म्हणाल, तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या तीन सेटिंग्ज आधी नीट लावा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे आहेत. फोटो एम्बेड केल्याने यातलं काहीच भागत नाही.

एम्बेडचा दुसरा प्रकार, म्हणजे फोटो मेलला जोडून सीआयडीने (जोडलेल्या फोटोच्या ओळख-नावाने) मजकुरात बोलावणं, आउटलुकमध्ये बरा चालतो. नाटकाच्या तिकिटाचा क्यूआर कोड असा खुशाल पाठवा. पण ३०० केबीचा पैठणीचा फोटो जोडतानाही बेस६४मुळे ४०० केबी होतो. वीस हजार ग्राहक म्हणजे सुमारे ८ जीबी, तेही प्रत्येक ऑफरला.