ब्लूज ऐकायचंय? १९२७पासून सुरुवात करा

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. त्यातली गिटार ऐकायची म्हटलं की बहुतेक जण थेट साठ-सत्तरच्या दशकातल्या इंग्लिश रॉकवाल्यांकडे वळतात. लांबलचक सोलो, बोटांचा वेग, टाळ्या. मला ही सुरुवातच उलटी वाटते. त्या वाटेने गेलं की ब्लूजमधली गिटार म्हणजे कसरत, असा समज होऊन बसतो. मुळात ती गळ्याची साथ आहे. आणि साथ कशी ऐकायची हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गायकाने एखादी जागा घेतली आणि सारंगीने ती अलगद उचलली की आपल्या तोंडून ‘वा’ निघतोच.

म्हणून माझी पहिली शिफारस ब्लाइंड विली जॉन्सनची. टेक्ससमधला हा अंध गायक रस्त्यावर उभा राहून ख्रिस्ती भक्तिगीतं गायचा. कोलंबिया कंपनीने डिसेंबर १९२७मध्ये डॅलसला त्याची काही गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यातलं ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’ तीन-सव्वातीन मिनिटांचं आहे. त्यात शब्द नाहीत, नुसता हुंकार. तो एक स्वर धरतो, अर्ध्यावर सोडून देतो, आणि तारेवरून घसरत जाणारी स्लाइड (बोटात घालायची नळी किंवा तसंच काही) तोच स्वर मुक्कामाला पोचवते. मग गिटार आधी बोलते आणि गळा मागून येतो. मींड ऐकत वाढलेल्या कानाला हे परकं वाटणारच नाही. काही जाणकार म्हणतील, हे ब्लूज नव्हे, गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिसंगीत. म्हणोत. स्लाइड गिटार शिकणारे आजही त्याच्यापाशी येतात.

१९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर हे ध्वनिमुद्रण आहे. त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. दोन्ही पाठोपाठ ऐकाच.

त्यानंतर मिसिसिपी जॉन हर्ट. अंगठा खालच्या सुरांच्या तारांवर एकसारखा ठेका धरतो, बाकीची बोटं गाण्याची चाल वाजवतात, आणि गळा ओट्यावर बसून गप्पा माराव्यात इतका निवांत. १९२८मध्ये ‘ओके’ नावाच्या रेकॉर्ड कंपनीसाठी तो गायला, पुढे महामंदी आली आणि हा माणूस आपल्या ॲव्हलॉन गावी राबत राहिला. १९६३मध्ये टॉम हॉस्किन्सने त्याला हुडकून काढलं, तेही ‘ॲव्हलॉन ब्लूज’ या त्याच्याच गाण्यात आलेल्या गावाच्या नावावरून! त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो हजारोंसमोर गायला. १९६६मध्ये गेला. जेमतेम तीन वर्षं मिळाली त्याला.

मिसिसिपीचाच गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन याच्याबद्दल बोलताना, चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून तो गिटार शिकला, ही गोष्ट कृपया सांगू नका. मला तिचा खरोखर राग येतो. १९३६-३७मध्ये त्याने २९ गाणी ध्वनिमुद्रित केली. खाली धावता ठेका, वर गळ्याला दिलेली उत्तरं, सगळं एकाच गिटारवर. ही त्या पोराची मेहनत आहे, तिचं श्रेय सैतानाला कशाला?

आणि मग वीजेची गिटार. बी. बी. किंगचं ‘लाइव्ह ॲट द रीगल’, शिकागोच्या रीगल थिएटरातल्या १९६४च्या मैफलीची रेकॉर्ड. तो गातो तेव्हा गिटार गप्प असते, ओळ संपली की ती बोलायला लागते. तार ओढून वर चढवलेला एकच स्वर, आणि अख्खं थिएटर ओरडून उठतं. यातली सुटी गाणी निवडू नका. सबंध रेकॉर्ड एका बैठकीत ऐका, श्रोत्यांच्या आरडाओरड्यासकट.