ॲब्स्ट्रॅक्टवर संदर्भ टाकू नका, आणि लॉगिन कुणाला देऊ नका

पीएचडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हणलंय की मराठवाड्यातल्या विद्यापीठांत पैशाची जर्नल्स (संशोधनाची मासिकं) येतच नाहीत, लायब्ररीत खेटे घालू नका. वेबसाईटवर संशोधनाच्या पेपरसाठी डॉलर मागितले की आम्हाला लिंक आणि तुमचा लायब्ररीचा लॉगिन पाठवा, दोनशे रुपयात पेपर काढून देतो. आणि तरी नाहीच मिळाला तर ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे पेपरच्या सुरुवातीचा सारांश, तेवढाच वाचून संदर्भ टाका, गाईडला कळत नाही. माझी पुतणी परभणीला कृषी विद्यापीठात तुरीच्या मर रोगावर काम करते, तिनं पैसे पाठवले, लॉगिनबी दिला, आणि मग मला विचारते, "काका, हे बरोबर आहे ना?" नाही, बिलकुल बरोबर नाही.

पहिला मुद्दा. केंद्रीय मंत्रिमंडळानं 25 नोव्हेंबर 2024 ला वन नेशन वन सबस्क्रिप्शन मंजूर केलं, म्हणजे सरकारनंच वर्गणी भरून सरकारी संस्थांना जर्नल्स वाचायला द्यायची योजना, 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 जर्नल्स, 6,300 च्या वर सरकारी संस्था. पत्र सूचना कार्यालयाच्या निवेदनात हे सगळं छापलेलं आहे, कुणीबी काढून वाचावं. राज्य सरकारची विद्यापीठंबी त्यातच येतात, म्हणजे हा पैसा आपल्या पोरांसाठी भरून झालेला आहे. घरून वाचायचं तर पेपरच्या पानावर 'ॲक्सेस थ्रू युवर इन्स्टिट्यूशन' असं बटण असतं, तिथं आपल्या संस्थेचं नाव निवडायचं आणि इन्फेडचा (संस्थांसाठीच्या सामाईक लॉगिन सोयीचा) आयडी टाकायचा. हा आयडी लायब्ररीतून काढून मिळतो, त्यासाठी एकदा ग्रंथपालांना भेटावं लागतं, बस.

अर्धं खरं आहे तेवढं मान्य करतो. विनाअनुदानित खासगी कॉलेजं पहिल्या टप्प्यात नाहीत, त्या पोरांची अडचण खरीच आहे. यादीत सगळीच जर्नल्स नाहीत, आणि एखाद्याचे जुने अंक बंद निघतात. पण त्यावरून "येतच नाहीत" म्हणणं म्हणजे निव्वळ थाप.

दुसरं, लॉगिन मागणं. ह्याचा राग सगळ्यात आधी यायला पाहिजे होता. एका आयडीवरून धडाधड शेकडो फाईली उतरायला लागल्या की प्रकाशक संशय घेऊन रस्ता बंद करतात, कधी कधी अख्ख्या कॅम्पसचा, मग चूक एकाची आणि बसतात सगळे. ज्यांनी दिला असंल त्यांनी आजच पासवर्ड बदला आणि लायब्ररीत सांगून ठेवा.

आता तो ॲब्स्ट्रॅक्टवाला सल्ला. ॲब्स्ट्रॅक्ट म्हणजे दोन-अडीचशे शब्द, लेखकानं आपल्या कामाची चांगली बाजू पुढं करून लिहिलेले. समजा त्यात लिहिलंय, ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीनं तुरीची मर लक्षणीय कमी झाली. कुठं कमी झाली, कुंडीत का शेतात? फ्युजॅरियम, म्हणजे मर आणणारी बुरशी, त्या जमिनीत आधीचंच होतं का बाहेरून सोडलं? एकच हंगाम बघितला का तीन? आणि वाण कोणता? बदनापूरच्या बीडीएन-711 सारखा मर प्रतिकारक वाण घेतला असंल तर मर तशीबी कमीच येणार, मग श्रेय ट्रायकोडर्माचं कसं? ही उत्तरं पेपरच्या मटेरियल अँड मेथड्स या भागात, म्हणजे प्रयोग कसा केला ते लिहिलेलं असतं तिथं, आणि तक्त्यांत असतात. तक्त्याच्या तळाला सीडीची (क्रिटिकल डिफरन्स) ओळ असते, दोन ट्रीटमेंटमधला, म्हणजे तपासलेल्या दोन उपायांमधला फरक त्या आकड्याच्या खाली असंल तर फरक सिद्धच होत नाही, मग वर कितीबी गोड वाक्य लिहिलेलं असू दे. आणि शेतीच्या संशोधनात हा संदर्भ थिसीसमध्ये पडून राहत नाही, तो शिफारशीपर्यंत जाऊ शकतो, तिथून मानवत-जिंतूरच्या शेतकऱ्याच्या खिशापर्यंत. गाईडला नाही कळालं तरी त्या शेतकऱ्याच्या तुरीला कळतं. "कळत नाही" म्हणून खपवायला सांगणारे पोरांना संशोधन नाही, नक्कल शिकवायलेत.

डॉलरचं म्हणाल तर ते पैसे सहसा लेखकाला मिळतच नाहीत, म्हणून लेखकाला सरळ ईमेल करा, बरेच जण आनंदानं पीडीएफ पाठवतात. गूगल स्कॉलरवर नोंदीखाली 'ऑल व्हर्जन्स' दाबून बघा, बऱ्याचदा लेखकाच्या विद्यापीठाच्या साईटवर तीच प्रत उघडी असते. भारतातला थिसीस पाहिजे असंल तर शोधगंगा आहे, फुकट. आणि ह्यातूनबी नाही मिळालं तर ग्रंथपालांना दुसऱ्या लायब्ररीतून मागवायला सांगा, पण जाताना "सर, तो तुरीचा पेपर" एवढंच म्हणू नका. जर्नलचं नाव, वर्ष, खंड, पानं आणि 10 नं सुरू होणारा डीओआय नंबर (त्या पेपरचा ओळख क्रमांक) कागदावर लिहून न्या.